जुनी महालक्ष्मी, मरून आयसीएफ डबे (एचओ) – नेमका शेड कुठला धरायचा?

शाहूपुरी_एचओ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आता गाडं अडलंय म्हणून लिहितोय. एचओ मध्ये म्हणजे १:८७ ला (खऱ्याच्या ८७ पट लहान) जुन्या महालक्ष्मी एक्सप्रेसचं मॉडेल करालोय. पुढं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन, मागं सगळे आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याचे) डबे, निळे यायच्या आधीचे, तो जुना मरून रंग होता तेव्हाचे. बॉड्या रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतल्यात, डबा २४५ मिमी भरतोय, खरा डबा २१.३ मीटरचा म्हणजे माप बरोबर आहे. खिडक्यांचे आडवे गज, दारातल्या पायऱ्या, छतावरचे व्हेंटिलेटर सगळं झकास आलंय. रंगावर येऊन थांबलोय.

विषय असाय की नेटवर दहा फोटो बघितले तर दहा रंग दिसालेत. एकात विटकरी, एकात चॉकलेटी, एकात तर पार वांगी. वडील म्हणतात "तांबडाच होता की रे", काका म्हणतात काळपट होता. विदेशी कंपनीची 'मरून' लिहिलेली बाटली मागवली ती लावून बघितली तर लग्नातल्या शालूचा रंग आला, रेल्वेचा नाही.

तर विचारायचंय असं:
रेल्वेचा म्हणून काही ठरलेला शेड नंबर असतो काय, जो दुकानात जाऊन सांगता येईल?
मॉडेलचे महागडे ॲक्रिलिक घेऊ की आपल्या उद्यमनगरातनं गाडीचा रंग मिक्स करून आणू?
आणि टेबलावर जो रंग बरोबर वाटतो तोच रात्री लेआउटच्या म्हणजे रूळ मांडलेल्या देखाव्याच्या लाईटखाली दुसराच दिसतोय, हे काय गौडबंगाल आहे?
कुणीतरी म्हटलं मॉडेलला रंग थोडा पांढरा घालून फिका करायचा असतो, ते खरं काय?

डबे वाट बघालेत, लवकर सांगा.

---

डिझेल_शेड_पुणे

आधी एक सांगा, साल कुठलं धरलंय? "जुनी महालक्ष्मी" म्हणजे फार मोठा पट्टा झाला. ही गाडी १९७१ ची, मिरज-कोल्हापूर मीटरगेजची ब्रॉडगेज झाली तेव्हापासूनची. तिथून नव्वदच्या दशकात निळे डबे येईपर्यंत वीस-पंचवीस वर्षं होतात. एवढ्या काळात रंग देणारे बदलले, रंग पुरवणारे बदलले, आणि मुख्य म्हणजे त्या काळचे फोटो काढणारे कॅमेरे आणि रोल बदलले.

निळा का आला हेही लक्षात घ्या, त्यावरून तुमचा रेक म्हणजे डब्यांची माळ ठरेल. व्हॅक्यूम ब्रेकचे डबे जाऊन एअर ब्रेकचे यायला लागले तेव्हा यार्डात लांबून ओळखता यावेत म्हणून एअर ब्रेकवाल्यांना निळा दिला, गडद निळी बॉडी आणि खिडक्यांना फिका निळा पट्टा. त्यामुळे मरून रेक करताय तर डब्याच्या टोकाला होज पाइप व्हॅक्यूमचे पाहिजेत. रंग शंभर टक्के जुळवून खाली एअर ब्रेकचे पाइप लावलेले मॉडेल बघितलेत मी.

आता नंबरचं. आपल्याकडे रंगांसाठी आयएस ५ नावाचं भारतीय मानक आहे, त्यात प्रत्येक शेडला तीन आकडी नंबर असतो. सिग्नल रेड ५३७, पोस्ट ऑफिस रेड ५३८, गल्फ रेड ४७३, टेराकोटा ४४४, रेड ऑक्साइड ४४६ वगैरे. औद्योगिक रंग विकणाऱ्या कुठल्याही चांगल्या दुकानात हा नंबर सांगितला की कळतं, शेड कार्ड मागा. माझ्या डोळ्याला विचाराल तर जुना डबा टेराकोटा आणि गल्फ रेडच्या मधेच कुठंतरी बसतो, नवीन रंगवलेला असला तर गल्फ रेडकडे झुकलेला. पण कार्ड हे फक्त सुरुवात करायला, कारण कार्डावरचा चौकोन हा ताजा, चकचकीत आणि खऱ्या आकाराच्या वस्तूसाठी असतो. तुमचा डबा यातला काहीच नाही.

डब्याचा नंबरही सालाला धरून टाका. त्या काळच्या पाच आकडी नंबरात पहिले दोन आकडे बांधणीचं वर्ष. पुढचे तीन आकडे डब्याचा प्रकार सांगतात, स्लीपर २०१ ते ४००, जनरल ४०१ ते ६००, गार्ड-सामानाचा डबा म्हणजे एसएलआर ७०१ ते ८००. म्हणजे १९८५ चा देखावा करताय आणि डब्यावर ९१ ने सुरू होणारा नंबर, असं नको. हसू नका, असं सर्रास होतं.

---

रंगारी_उद्यमनगर

भावा दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो कारण घरात गाड्या रंगवायचाच धंदा आहे.

गाडीचा रंग चालतोय, पण कुठला ते बघून. एनसी म्हणजे ज्याला सगळे ड्युको ड्युको म्हणतात तो, त्याचा थिनर लई गरम असतोय. साध्या प्लास्टिकच्या बॉडीवर म्हणजे ते विकतच्या किटमधलं पांढरं स्टायरिन असतंय त्याच्यावर डायरेक्ट मारलास तर पृष्ठभाग विरघळून खरबरीत होणार, बारीक रिव्हेट सगळे गेले म्हणून समज. तुझं रेझिन आहे त्याला तेवढी भीती नाही, तरी आधी आयसोप्रोपिलनं स्वच्छ धू, नीट वाळू दे, मग प्रायमरचे पातळ पातळ हात. जाड एक हात मारायचा मोह आवर, पातळ तीन मार. १:८७ ला रंगाची जाडी पण दिसते, खिडकीच्या कडा गोल व्हायला लागतात.

प्रायमरचा रंग फुकटचा समजू नकोस. ग्रे प्रायमरवर मरून मारला की थंड आणि मळका दिसतोय, रेड ऑक्साइड प्रायमरवर तोच मरून उबदार आणि भरलेला दिसतोय. आणि छतासाठी जिथं फिका राखाडी यायचाय तिथं ग्रेच ठेव. पिवळं काही असलं तर खाली पांढरा पाहिजेच, नाहीतर दहा हात मारलास तरी हिरवट झाक जाणार नाही.

मिक्स करून घ्यायला जाताना मोबाईलमधला फोटो घेऊन जाऊ नकोस!! रोज कोण ना कोण येतोय दुकानात, "ह्यो रंग द्या" म्हणून स्क्रीन पुढं करतोय. स्क्रीनची ब्राइटनेस वाढवली की रंग बदलला, मग कुठल्या ब्राइटनेसचा देऊ? हातात धरता येईल असा नमुना आण, शेड कार्डाचा तुकडा आण, जुना पत्रा आण. मशीनवाल्याकडं स्कॅनर असतोय, नमुना किमान दोन बोटं रुंद आणि सपाट असला की तो वाचतोय. पण मशीनच्या आकड्यावर पण हाताने एखादा थेंब इकडंतिकडं करावाच लागतो, ते डोळ्याचं काम आहे.

भिंतीचा इमल्शन अजिबात नको, कितीही स्वस्त पडला तरी. त्यातली पूड जाड असते, एअरब्रशच्या ०.३ मिमी नोझलमधनं जाणार नाही आणि गेलाच तर डब्यावर रवा सांडल्यागत दिसंल.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, कोल्हापूरचा पाऊस. जुलै-ऑगस्टात एनसी मारायचा नाही. हवेत इतका दमटपणा असतोय की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंग पांढुरका होतो, आम्ही ब्लश आला म्हणतो. मरूनवर तर लगेच दिसतंय, धुरकट गुलाबी ढग आल्यासारखा. अगदीच घाई असली तर थिनरमध्ये रिटार्डर टाकून हळू वाळू देतात, पण नवशिक्यानं त्याच्या नादाला लागू नये, सरळ दसऱ्यापर्यंत थांबावं किंवा पाण्याचं ॲक्रिलिक वापरावं. ते पण पावसात वाळायला वेळ घेतंय पण पांढरं तरी पडत नाही.

---

निवृत्त_पिटलाईन_मिरज

चर्चा वाचून राहवलं नाही. रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगनमध्ये, म्हणजे डबे तपासणाऱ्या खात्यात, नोकरी गेली सगळी, त्यामुळे डबे फार जवळून बघितलेत, बहुतेक वेळा खालून.

"नेमका शेड" हा प्रश्नच मला थोडा गमतीचा वाटतो. एका रेकमधले सगळे डबे एका रंगाचे मी क्वचितच बघितले. प्रत्येक डबा ठरावीक मुदतीनं पीओएचला म्हणजे मोठ्या तपासणी-दुरुस्तीला जातो, तिथं उघडून दुरुस्त होतो आणि नवा रंग लागून येतो. सगळे डबे एकदम जात नाहीत, आणि सगळे एकाच वर्कशॉपला जातात असंही नाही. एक माटुंग्याहून आलेला, एक हुबळीहून, एक दीड वर्षापूर्वीचा. मिसळीच्या कटासारखं आहे, प्रत्येक ठिकाणी लालच असतो पण दोन ठिकाणचा सारखा निघत नाही. रेक उन्हात उभा असला की लगेच कळायचं, हा नुकता आला, हा आता जायला आला.

आणि हे डब्यावर लिहिलेलंही असतं. डब्याच्या टोकाच्या भिंतीवर स्टेन्सिलनं पीओएच कुठं झाला, कधी झाला आणि परत कधी जायचा ती तारीख असते. मॉडेल करणाऱ्यांनी ते जरूर काढावं, आणि मग त्या तारखेला धरून रंग जुना-नवा करावा. तारीख ताजी आणि रंग विटलेला असं केलंत तर माझ्यासारखा कुणीतरी येऊन बोट ठेवणारच.

मरून विटतो कसा ते सांगतो. फिका होत नाही नुसता, त्यातला लाल आधी मरतो आणि तपकिरी-गुलाबीसर, पावडर धरल्यासारखा होतो. हात फिरवला तर हाताला लागायचा. पण सगळीकडे सारखा नाही. छताच्या पन्हाळीच्या लगेच खाली, जिथं ऊन थेट लागत नाही, तिथं बोटभर पट्टा मूळ रंगाचा टिकलेला असायचा. दाराच्या आतल्या कडेला आणि दोन डब्यांच्या मधल्या भिंतीवर पण मूळ रंग, फक्त वर काजळीचा थर. खिडक्यांच्या खाली उभे ओघळ, कारण लोक खिडकीतून काय काय टाकतात आणि ओततात ते सांगायला नको. त्यात वॉशिंग लाईनला ब्रश फिरतो तो हाताला येईल तेवढ्याच उंचीवर, म्हणजे मधला भाग घासून घासून उजळ आणि वरचा-खालचा मळका.

खालची बोगी, म्हणजे चाकांचा सांगाडा, काळी म्हणून काळीच रंगवतात पोरं. काळी फक्त वर्कशॉपमधून निघते त्या दिवशी. ब्रेकच्या ठोकळ्यांचा भुगा उडून उडून सगळं गंजकट तपकिरी होतं, डब्याच्या खालच्या कडेवर पण तोच बसतो. मरूनच्या खाली हा तपकिरी आल्यावर मरून आपोआप जास्त लाल दिसतो. त्यामुळे बोगी झाल्याशिवाय बॉडीच्या रंगाबद्दल मत बनवू नये असं माझं म्हणणं.

---

सरळ_रूळ

मला कळत नाही एवढा खटाटोप कशाला. तीन फुटावरून बरोबर दिसलं की झालं. आपण सगळे ब्रॉडगेजचे डबे १६.५ मिमीच्या रुळावर पळवतो, जो युरोपच्या १४३५ मिमीचा आहे, आपल्या १६७६ चा एचओ काढला तर १९ मिमीच्या वर जातो. रूळच पावणेतीन मिमी कमी चालतो आणि रंगाला मात्र शेड नंबर पाहिजे. काहीतरी मरून मारा, गाडी पळवा, मजा करा की.

---

डिझेल_शेड_पुणे

@सरळ_रूळ, रुळाची रुंदी डबा वर उभा राहिला की कुणाला दिसत नाही. रंग मात्र लेआउटच्या खोलीत पाय टाकल्या टाकल्या दिसतो, तीन फूट सोडा तेरा फुटावरून. बाकी पळवा म्हणताय ते मान्य.

---

फिल्मरोल_राजारामपुरी

फोटोवरून रंग ठरवणाऱ्यांसाठी थोडं लिहिते, माझा विषय फोटोचा आहे, रेल्वेची आवड नवऱ्यामुळे लागली.

अल्बममधला ऐंशीच्या दशकातला कलर प्रिंट हातात आला की लोक खूश होतात, हा घ्या पुरावा. पण त्या प्रिंटमधला सायन (निळा-हिरवा) डाय अंधारात ठेवला तरी काळानुसार आधी उडतो, आणि सायन गेला की सगळा फोटो लालसर होतो. आकाश जांभळट, माणसं लालबुंद आणि तुमचा डबा खऱ्यापेक्षा कितीतरी लाल. तेव्हा आधी फोटो सरळ करा. त्यात अशी वस्तू शोधा जिचा रंग तुम्हाला खात्रीनं माहितीय, सिमेंटचा खांब, रुळाखालची खडी, नाहीतर प्लॅटफॉर्मवरच्या एखाद्या पाव्हण्याची पांढरी टोपी. स्कॅन करून त्या टोपीला पांढरं माना, फोटो एडिटरमधला ड्रॉपर तिथं लावा, बाकीचे रंग आपोआप जागेवर सरकतात. (टोपीला नीळ जास्त घातलेली असली तर सगळंच पिवळट होईल, म्हणून एकट्या टोपीवर विसंबू नका, खांबावर पण तपासा.)

आता स्वतः फोटो काढायचे असतील तर, म्हणजे मरून मिळणार नाही पण निळे किंवा एलएचबीचे (नव्या जातीचे) लाल-राखाडी डबे करणाऱ्यांसाठी सांगते, फोन ऑटोवर ठेवू नका. फोन लालला अजून लाल करतो कारण बघायला छान वाटतं. प्रो मोडला जाऊन व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर, साधारण ५५०० केल्व्हिनला, पक्का करा. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला फोटो काढा, सावलीकडची बाजू निळसर येते, भर उन्हातली बाजू उडते आणि संध्याकाळची सोनेरी होते. शक्य असेल तर पहिल्या फोटोत एक राखाडी कार्ड धरा.

लाईटखाली रंग बदलतो त्याचं उत्तर: दोन रंग एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्यात वेगळे, कारण ते वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असतात. त्यात स्वस्त एलईडीमध्ये लालच्या टोकाचा प्रकाशच कमी असतो, मरूनचा लाल उठतच नाही आणि डबा चॉकलेटी दिसतो. लेआउटवर सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) ९० च्या वर असलेले दिवे लावा, पाकिटावर लिहिलेलं असतं. आणि रंग त्याच दिव्यांखाली मिसळा जिथं गाडी राहणार आहे. खिडकीत मिसळून ट्यूबखाली ठेवायचा आणि मग रंगाला शिव्या द्यायच्या, असं करू नका. पुण्यात कोथरूडला छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे तिथं एकदा जाऊन या, दिवस-रात्रीचे दिवे बदलतात तेव्हा एकच डबा किती रंग दाखवतो ते डोळ्यांनी दिसतं.

---

शाहूपुरी_एचओ

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काका, तुमचं पन्हाळीखालच्या पट्ट्याचं वाचून लगेच एक डबा हातात घेऊन बघत बसलो. साल १९८८ धरतो, वडिलांकडं त्याच्या आसपासचा एक फोटो आहे, टोपीवाला पण आहे त्यात :)

ताई, सीआरआयचं बघितलं, माझ्या पट्टीच्या पाकिटावर लिहिलेलंच नाही, म्हणजे काय ते समजलो.

फक्त ते पांढरा घालायचं राहिलं. घालायचा की नाही?

---

रंगारी_उद्यमनगर

मरूनमध्ये पांढरा? नको नको. गुलाबी होणार, पोरींच्या सायकलचा रंग. लालला फिका करायचा असला तर बदामी नाहीतर क्रीम टाक, किंचित. आणि काळा करायचा असला तर काळा रंग पण टाकू नकोस, मेल्यागत होतोय, त्यात तपकिरी नाहीतर अगदी सुईच्या टोकावर हिरवा टाक, हिरवा लालला दाबतोय.

---

डिझेल_शेड_पुणे

का फिका करायचा ते पण सांगून ठेवतो म्हणजे किती करायचा ते कळेल. १:८७ चं मॉडेल तुम्ही एक मीटरवरून बघताय म्हणजे खरा डबा ८७ मीटरवरून बघताय. एवढ्या अंतरावर मधल्या हवेतली धूळ आणि उजेड यामुळे खरा रंग थोडा उडालेला, राखाडीकडे गेलेला दिसतो. मॉडेलला तेवढी हवा मधे मिळत नाही म्हणून ती आपण रंगात घालायची. पण याला काही पक्कं सूत्र नाही, लोक टक्केवाऱ्या सांगतात त्यावर जाऊ नका. लहान खोली आणि कमी उजेड असेल तर रंग आधीच गडद दिसतो, तिथं थोडा जास्त फिका करावा लागतो.

चकाकीचंही तसंच. नवा डबा खऱ्यात चकचकीत असतो, पण मॉडेलला पूर्ण ग्लॉस मारला की खेळणं दिसतं. साटिन म्हणजे अर्धवट चकाकीचं वार्निश मारा. आणि हे रंग ठरवायच्या आधी लक्षात घ्या, कारण मॅट वार्निश मारलं की तोच रंग फिका वाटतो आणि ग्लॉस मारलं की खोल जातो. नमुना तपासायचा तो वार्निश मारून मगच.

---

रंगारी_उद्यमनगर

नमुना डब्यावर घेऊ नकोस. वाढदिवसाचे पांढरे प्लास्टिक चमचे आण पाकीटभर. चमच्याची पाठ गोल असतीय, तुझ्या डब्याच्या छताच्या गोलाईगत, म्हणजे उजेड कसा वळतोय ते पण दिसतंय. प्रत्येकाला आधी तोच प्रायमर, मग वेगवेगळा मिक्स, आणि दांडीवर पर्मनंट मार्करनं लिही, कुठला रंग किती थेंब. लिहिलं नाहीस तर आवडलेला चमचा हातात घेऊन रडत बसशील, परत तो जमत नाही. वाळल्यावरच बघ, ॲक्रिलिक ओलं असताना फिकं दिसतंय आणि वाळल्यावर गडद होतंय. मग अर्ध्या चमच्यावर वार्निश. सगळे ओळीनं लेआउटवर झोपव, लाईट लाव, लांबून बघ. एअरब्रशला हवा पंधरा ते वीस पीएसआय पुरे.

आणि मरून एकदाच सगळ्या रेकला पुरेल एवढा मिक्स करून बाटलीत ठेव. काकांच्या म्हणण्याप्रमाणं डब्याडब्यात फरक पाहिजे तर त्याच बाटलीतनं थोडा काढून बदामीनं मागंपुढं कर. वेगवेगळे मिक्स केलास तर एक रेक वाटणार नाही, भंगार बाजार वाटंल.

---

निवृत्त_पिटलाईन_मिरज

अगदी. फरक असावा पण नात्यातला.

आणि छत विसरू नका. खरी गाडी आपण प्लॅटफॉर्मवरून बघतो, छत दिसतच नाही, म्हणून कुणाच्या लक्षात नसतं. टेबलावरची गाडी मात्र तुम्ही वरून बघणार, सगळ्यात जास्त दिसणार ते छतच. मिरजेच्या पादचारी पुलावर उभं राहून एखादी गाडी खालून जाताना बघा. मधोमध काजळी, व्हेंटिलेटरच्या भोवती गडद गोल, कडांना पावसानं धुतलेले फिके ओघळ. तेव्हा तर पुढं डिझेल इंजिन, इंजिनाच्या मागचे पहिले दोन-तीन डबे वरून कायम जास्त काळे. आता वायर आली, ते गेलं.

रेक कुणाचा दाखवताय तेही फोटोत नीट बघून घ्या, डब्यावर म.रे. (मध्य रेल्वे) आहे का द.म.रे. (दक्षिण मध्य). त्या काळी मिरज साऊथ सेंट्रलकडं होतं, त्यामुळे आपल्या भागात दोन्ही दिसायचे.

---

मीटरगेज_हातकणंगले

मधेच घुसतोय माफ करा. १८९१ ला कोल्हापूर-मिरज लाईन सुरू झाली ती संस्थानानं बांधलेली मीटरगेज होती, १२ मिमीच्या रुळावर एचओएम मध्ये, म्हणजे एचओच्याच मापाच्या मीटरगेजमध्ये, तिचे डबे करायचा विचार आहे. माझ्याकडं फक्त काळेपांढरे फोटो आहेत. त्यावरून अंदाज बांधता येतो काय? डबे फोटोत जवळजवळ काळे दिसालेत.

---

फिल्मरोल_राजारामपुरी

फोटो कधीचा आहे त्यावर आहे. जुन्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला आणि काचेच्या प्लेटला लाल रंग दिसतच नव्हता, लाल वस्तू काळी यायची आणि निळी वस्तू जवळजवळ पांढरी. म्हणजे फोटोत काळा दिसणारा डबा लाल, तपकिरी किंवा खरंच काळपट, काहीही असू शकतो, आणि फिका दिसणारा डबा निळा असू शकतो. आकाश बघा, पांढरंफेक असेल आणि ढग अजिबात दिसत नसतील तर बहुतेक ऑर्थो. नंतरच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर मात्र लाल मधल्या राखाडीत येतो.

फोटोवरून रंग मिळणार नाही, पण काय नव्हतं ते मिळेल. दोन रंगांची बॉडी होती का, खिडकीखाली रेघ होती का, अक्षरं फिक्या रंगात होती का, हे सगळं दिसतं. रंगासाठी मात्र लेखी नोंदच शोधावी लागेल.

---

शाहूपुरी_एचओ

चमचे आणले. पहिली ओळ वाळाली आहे, बदामी घातलेला आत्ताच बरा दिसालाय, एनसीचा विषय दसऱ्यानंतर, तोवर ॲक्रिलिकवरच. एलईडीची पट्टी पण बदलतोय.

आता पुढचं, अक्षरं पिवळी पाहिजेत. घरच्या लेझर प्रिंटरवर डीकल पेपरला (पाण्यात सोडून चिकटवायच्या छापाचा कागद) पिवळी छापली, पाण्यात सोडून मरून चमच्यावर लावून बघितली तर अक्षरं गायबच झाली, कुठं लावली तेच दिसंना.

---

डिझेल_शेड_पुणे

होणारच. लेझरचा पिवळा टोनर पारदर्शक असतो, खालचा मरून वर येतो. पिवळ्याखाली पांढरा थर पाहिजे, आणि घरच्या प्रिंटरमध्ये पांढरा नसतो. पांढऱ्या डीकल पेपरवर छापून अक्षर न् अक्षर कापत बसणं हा एक मार्ग आहे पण १:८७ ला डोळे जातील. डीकल लावताना खाली ग्लॉस असू द्या, मॅटवर लावली तर खाली हवा अडकून चंदेरी दिसते. साटिन सगळ्यात शेवटी.

---

रंगारी_उद्यमनगर

लग्नपत्रिका छापणारे स्क्रीनवाले असतात की, त्यांच्याकडं अपारदर्शक पिवळी शाई असतीय, गडद कागदावर छापतात ती. डीकल पेपर तू दे, फिल्म तू काढून दे, एका शीटमध्ये सगळ्या रेकचे नंबर बसव. फक्त लग्नसराईत जाऊ नकोस, तुला उभा पण करणार नाहीत.